कोऱ्या पात्रातला आकडा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. अमरावती

आलो एकदाचा. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा प्रयोगशाळेचे खुशालराव फलाटावर माझ्या नावाचा कागद धरून उभे होते. माझी दगडांची बॅग उचलताना त्यांनी विचारलं, ‘‘सर, पुण्याले गोटे मिळत नाईत का?’’ वाटेत त्यांनी गिलावडा खायला घातला. असा पाहुणचार पुण्यात चार वर्षं कंत्राटी नोकरी करताना कुणी केला नव्हता.

केंद्र छोटं आहे, पण आतली निर्मळ खोली झकास. टोपी, पायमोजे, दुहेरी हातमोजे घालूनच आत जायचं. दगडाचा चुरा आम्लात विरघळवून, आटवून, शुद्ध करून यंत्राला द्यायचा. दर खेपेला एक पात्र रिकामं ठेवायचं. त्यात दगड नाही, नुसतं आम्ल. बाकी सगळे सोपस्कार त्याच्यावरही करायचे. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. त्यात काही सापडलं तर घाण दगडातली नसून आपली आहे असं समजायचं. खुशालरावांनी बजावलं, ‘‘अंदर उघडं बोट म्हंजे पाप, सर.’’

खरं सांगायचं तर मी इथे आलो एका जागेसाठी. पुढच्या वर्षी एक जहाज रियुनियन बेटापाशी समुद्राचा तळ खणायला निघणार आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी तिथून सरकत असताना खालून, प्रावरणातून, तप्त खडकाचा लोट वर आला आणि हा सगळा काळा दगड ओतून गेला. तो लोट अजून तिथे आहे. जहाजावर आमच्या केंद्राचा एकच माणूस जाणार. तो मीच असणार, दुसरं आहे कोण?

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं आहे. आमच्याच केंद्रातली प्रियदर्शनी. बाळापूरची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आज तिच्याबरोबर बाळापूरकडच्या शेतांत गेलो.

तिची पद्धत ऐकून मी मनात हसलो होतो. ती दगड फोडायला घाटात जात नाही. कुणाच्या शेतात बोअर मारलं की तिला फोन येतो. खालून निघालेला चुरा शेतकरी तिच्यासाठी पिशव्यांत भरतात, वर फुटांचा आकडा लिहितात. नत्थुजी नावाच्या आजोबांनी एक पिशवी कोठीतून आणून दिली आणि म्हणाले, ‘‘ताई, तुमचा दगड जपून ठेवला. पोट्ट्यायले हात लावू नाही देल्ला.’’ सर्वांत खालच्या पिशवीतला चुरा काळा, त्यात हिरवे कण. असा दगड मी फक्त परदेशी नमुन्यांत पाहिलाय. खूश झाली की तिची पुस्तकी मराठी सुटते. ‘‘सर, पाहून राहिले ना?’’ असं ती तीनदा म्हणाली. नत्थुजींनी माझ्याकडे पाहत तिला विचारलं की या सरांना दगडातलं काही समजतं का. सगळे हसले. मीही हसलो.

मी चिखलदऱ्याच्या घाटात उन्हातान्हात चाळीस दगड फोडले. माझ्यासाठी कुणी पिशवी जपून ठेवलेली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तिच्या दगडाचा आकडा आला. ०.७०४१२.

दोन जातींच्या स्ट्रॉन्शियमचं हे गुणोत्तर. लाव्हा वर येताना वाटेतले खडक खातो, तशी त्यात भेसळ होते आणि आकडा चढतो. आकडा जितका कमी, तितका दगड थेट खालचा. माझे चाळीसच्या चाळीस भेसळीचे निघाले. तिचा दगड वाटेत कशालाही न शिवता वर आलाय. केंद्राचे प्रमुख शेषराव सर म्हणाले, पुन्हा तपासून हाच आकडा आला तर जहाजावर प्रियदर्शनी. निर्णय २५ मार्चला.

मला हेवा वाटतो. लिहून टाकलेलं बरं. पेढे तिनं वाटले, माझा मी खुशालरावांना देऊन टाकला. मला तो आकडा हवा. तसा नाही, तोच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी साडेबारा. ती जेवायला गेलेली. तिची पात्रं विजेच्या तव्यावर आटत होती. फेरतपासणीच्या दगडाच्या पात्रात, तळाशी मुगाएवढा कोरडा डाग.

मी उजव्या हाताचे दोन्ही मोजे काढले आणि तर्जनी त्या डागावर टेकवली. माणसाच्या घामातलं मीठ अख्ख्या दगडाची वाट लावायला पुरतं.

बोट लगेच निघालं नाही. चिकटलं असावं. पण ओढताना वाटलं, खालून कुणी तरी धरलंय. पात्र पाहिलं तर स्वच्छ होतं. डाग नव्हता. पुसून निघाला असेल. मी मोजे चढवले, पात्र सरळ केलं आणि जेवायला गेलो.

५ मार्च, बुधवार

तिची फेरतपासणी बिघडली. आकडा भलताच वर. मला वाटलं ती माझ्याकडे बघेल. ती म्हणाली की आपलाच हात कुठे तरी लागला असणार, चुरा शिल्लक आहे, परत करू. मग डबा उघडून मला ठेचा वाढला. तिचा राग आला तेवढा कधी कुणाचा आला नव्हता.

माझ्या खेपेचा ब्लँक मात्र कोरा आला नाही. ज्यात दगडच नव्हता त्या पात्रात ०.७०४१२.

१२ मार्च, बुधवार

खुशालरावांनी पात्रं तीनदा आम्लात उकळली. मी माझे चाळीस दगड नव्याने तपासले. चाळीस वेळा ०.७०४१२.

पहिली पाच मिनिटं मला आनंद झाला. तिच्याकडे एक होता, माझ्याकडे चाळीस. मग भानावर आलो. चाळीस वेगळे दगड एकच आकडा देत नाहीत. तो आकडा दगडातून येत नाहीये. हात माझा लागतोय.

तर्जनीच्या नखाखाली काळं धरलंय. घासून जात नाही. नखावर बारीक भोकं पडलीत आणि त्यांत पांढरे कण बसलेत. आपल्या काळ्या दगडात असेच असतात. बुडबुड्यांच्या पोकळीत स्फटिक भरतात. पण त्याला लाखो वर्षं लागतात.

१८ मार्च, मंगळवार

आज स्वतःचे केस तपासले. माणूस जिथलं खातो-पितो तिथला आकडा त्याच्या केसात उतरतो. प्रियदर्शनीनं गंमत म्हणून आपले तपासले होते. इकडच्या खाऱ्या पाण्याचा, चार गावच्या धान्याचा, भेसळीचा आकडा. चारचौघांसारखा.

माझे ०.७०४१२. थुंकीही तीच.

भ्यायलो. आणि भीतीच्या आत, लाज वाटते लिहायला, पण मी तिच्या पुढे गेलो असं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

डाव्या हातानं लिहितोय. उजवा जड आहे, मनगटापर्यंत. दुखत नाही. गरम आहे. सकाळी थंड पाण्याचा ग्लास धरला, तडकला.

खुशालरावांनी विचारलं, ‘‘सर, हात काहून लपवून राहिले?’’ मुरगळलाय म्हणालो. त्यांनी तेल लावायला हात धरला आणि पटकन सोडला.

प्रियदर्शनीला सांगावं का? तिला कळेल हे काय आहे. तिलाच कळेल. म्हणून नाही सांगणार.

२४ मार्च, सोमवार

बोट तुटलं. बेसिनच्या कडेला लागलं, खट्— रक्त नाही. आत काळं. हिरवे कण. इतका ताजा तुकडा—

नमुन्याच्या पिशवीत घातलं. शोधणाऱ्याचं नाव, माझं. ठिकाण, रिकामं ठेवलं. काय लिहिणार? खोलीवर चौकशीला आलेल्या खुशालरावांच्या हाती केंद्रात पाठवलं. उद्या निर्णय. तिची पुन्हा केलेली तपासणी बरोबर आली म्हणे. असू दे. माझा दगड पाहू देत आधी.

२५ मार्च. दुपार

पाय हलत नाहीत. खुर्चीची लाकडं करकरतात—

चूक झाली. मोठी चूक. पिशवी उघडली असेल तर तिनंच. तिच्याशिवाय कुणाला दिसणार त्यात काय आहे ते—

स्कूटर थांबली. दोघं आहेत. खुशालराव रडल्यासारखे बोलताहेत, ‘‘ताई, नका जाऊ अंदर.’’ ती ऐकत नाही. खूश आहे. आवाजावरून कळतं—

‘‘सर, असा दगड म्या जिंदगीत नाही पाहिला. बाकीचा कुठी ठेवला?’’

बाकीचा—

कडी लावली नाहीये. उठायला हवं. जहाज घे म्हणावं. सगळं घे. पण पिशवीवर नाव तिचं नको, शोधलं मी, मी म्हणजे मीच—

जिना चढतेय. हातोडीचा आवाज, दर पायरीला कठड्यावर—