पडताळणी बाकी

५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही, नवा निश्चय. या घरात कोणाचीही बाजू घ्यायची नाही. बाबा सरकारचे, मामा विरोधकांचा, आणि दोघांच्या मध्ये टीव्ही. काल जेवताना मामा म्हणाला की कोरोनाचे आकडे दडपताहेत. बाबा म्हणाले, दडपायला आकडे म्हणजे काय गादी आहे? मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. शहराच्या आरोग्य कार्यालयात रोजचा आकडा मीच तयार करते ना. मी म्हटलं, जरा मीठ द्या.
मी तटस्थ आहे, कारण आकडा तटस्थ असतो. हे दोघांना एकदा शांतपणे समजावून सांगायचं. याच आठवड्यात.

संध्याकाळी ६.३०
आज एक चांगलं काम झालं. पॉझिटिव्ह लोकांच्या फॉर्मांत तीन फॉर्म गडबडीचे होते. एकात वय नाही, एकात घर नंबर खोडलेला, एकावर दोन सह्या. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. शाळेच्या आधी मला वाचायला त्यांनीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर, मुद्रितांच्या कागदांवरून. त्यांचा नियम: शंका आली तर अंदाजाने दुरुस्त करायचं नाही, बाजूला खूण करायची. म्हणून मी एक्सेलमध्ये वेगळा रकाना काढला. 'पडताळणी बाकी.' फॉर्म पूर्ण झाला की ते तिघं मुख्य यादीत जातील. आजचा आकडा ९१.
साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. तो रकाना त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, ही कल्पना तुमची? मी अजून टेम्पररी आहे हे त्यांच्या लक्षात असावं.

६ ऑक्टोबर, मंगळवार
मंत्र्यांनी जाहीर केलं: एका दिवसात शंभर रुग्ण झाले तर बाजार बंद. विरोधक म्हणाले, शंभराची वाट कसली बघता, आजच बंद करा. मामाने टाळी वाजवली. त्याचं चष्म्याचं दुकान त्याच बाजारात आहे, याची आईने त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, ताई, तत्त्व म्हणजे तत्त्व.
आजचा आकडा १०४ होता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अजिबात दबाव टाकला नाही, हे मुद्दाम नोंदवते. एवढंच विचारलं की सगळे फॉर्म काळ्या शाईत आहेत ना. सतरा निळ्या शाईत होते. मी जुनं परिपत्रक काढून पाहिलं. खरंच काळी शाई लिहिलंय! आपण इतके दिवस बेफिकीर होतो.
आकडा ८७. बाजार उघडा.

८ ऑक्टोबर, गुरुवार
नवे निकष: पिनकोड नाही. सही रेघेच्या बाहेर. फोन नंबर एकाच घरातल्या दोघांचा सारखा. यातला एकही निकष खोटा नाही. मी प्रत्येक तपासला. रकान्यात १३६.
एक छोटी अडचण. मुख्य यादीत नाव आल्याशिवाय रुग्ण क्रमांक मिळत नाही, आणि क्रमांकाशिवाय हॉस्पिटल बेड देत नाही. पण बहुतेकांना बेड लागतच नाही. बहुतेकांना. उद्या साहेबांना स्पष्ट सांगणार की याला मर्यादा हवी.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
साहेबांचा घसा बसला होता. अशा वेळी स्पष्ट बोलणं माणुसकीला धरून नाही. सोमवारी.

१० ऑक्टोबर, शनिवार. दुपारी
माझा रकाना टीव्हीवर! सत्तेवाले म्हणाले, इतका पारदर्शक कारभार कुठे पाहिलाय, ज्याची शंका आहे तेसुद्धा आम्ही वेगळं दाखवतो. विरोधक म्हणाले, हा रकाना नाही, हे तळघर आहे. दोघंही माझाच कागद हलवत होते. याहून तटस्थ काय असतं?
मामा म्हणाला, भाऊजी, तुमच्या सरकारने माणसं फडताळात ठेवलीत. बाबा म्हणाले, फडताळातली वस्तू सापडते तरी, तुमच्या वेळी सगळं भंगारात जायचं. दोघांनी मला विचारलं. मी म्हटलं, रविवारी समजावून सांगते.

११ ऑक्टोबर, रविवार
कपडे वाळत घालायचे होते.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
मामाला ताप. त्याने स्वतःला बाहेरच्या खोलीत कोंडून घेतलं आणि टेस्ट केली. दाराआडून ओरडून सांगितलं की हे सरकारचं पाप आहे. बाबा म्हणाले, पाप तुझं, मोर्चात मास्क हनुवटीला लावून कोण फिरत होतं?
साहेबांशी बोलायचं राहिलं. त्यांनीच आधी विषय काढला, की कायम करण्यासाठी ते माझं नाव पाठवताहेत. लगेच मर्यादेचं बोलले असते तर ते कृतघ्नपणाचं दिसलं असतं.

१४ ऑक्टोबर, बुधवार
माझ्यापुढे मामाचा फॉर्म आला. पॉझिटिव्ह. काळी शाई, पिनकोड, सही रेघेवर, सगळं चोख. फक्त 'व्यवसाय' या ओळीत त्याने लिहिलंय: सरकारला जाब विचारणे.
मान्य व्यवसायांच्या यादीत चौदा प्रकार आहेत. हा नाही.
दहा मिनिटं फॉर्म हातात धरून बसले. 'चष्मेवाला' लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तो माझा मामा आहे, आणि तिथेच तर परीक्षा. घरच्याला सवलत दिली की दुसऱ्यांना काय तोंड दाखवायचं? रकान्यात टाकला. मन स्वच्छ. असं कितीजणांना जमतं?

१५ ऑक्टोबर, गुरुवार
घरी सांगितलं. वाटलं होतं मामा रागावेल. तो खूश झाला. खोकत खोकत म्हणाला, बघा भाऊजी, मलाच लपवलं, मी चालताबोलता पुरावा आहे! बाबा दारापाशी जाऊन म्हणाले, यादीत नाव नाही म्हणजे तुला काही झालेलं नाही, ऊठ आणि दुकान उघड. असं दाराच्या दोन्ही बाजूंनी पाऊण तास. आई म्हणाली, चला, आवाजात जोर आहे अजून.
फॉर्म दुरुस्त करता येतो. अर्जदाराने ११ ते १ या वेळात खिडकीवर स्वतः यायचं. पण पॉझिटिव्ह माणसाने घराबाहेर पडायचं नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. फक्त जागा जवळजवळ आल्या.
शिवाय मामा दुरुस्त करायला तयारच नाही. म्हणतो, मी खोटं लिहिणार नाही, भाचीच्या ऑफिससाठी तर मुळीच नाही. माझ्यावर गेलाय. म्हणजे मी त्याच्यावर.

१७ ऑक्टोबर, शनिवार
ऑक्सिजन ९३. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, ९० च्या खाली गेला तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा. आईने विचारलं, क्रमांक कधी मिळेल? मी सांगितलं, प्रक्रिया सुरू आहे.
रकान्यात ३४४. आजचा जाहीर आकडा ५८. मंत्री म्हणाले, लाट ओसरतेय.

१८ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५
ऑक्सिजन ९०. मामा बोलत नाही.
बाबांनी त्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकली आणि टीव्हीवरची चर्चा मोठ्या आवाजात लावली. मंत्र्यांचं कौतुक केलं. आतून काही नाही. मग म्हणाले, तुमचे विरोधक नालायक आहेत. तरी काही नाही. मग टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, अरे, एक सांगू का, या सरकारने खरंच माती खाल्ली. मंत्री खोटारडा आहे. तुझं बरोबर होतं. ऐकतोयस ना?
मी बाबांना असं बोलताना जन्मात ऐकलेलं नाही. आत मामाने कूस बदलल्याचा आवाज आला, बस. बाबांनी टीव्ही बंद केला. खुर्ची मात्र हलवली नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी ऑक्सिजन ८९. आईने हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी क्रमांक मागितला. आईने माझ्याकडे फोन दिला. मी त्यांच्याशी बोलले. त्यांचा नियम बरोबरच आहे.
साहेबांना देण्यासाठी अर्ज लिहिला. पहिला मसुदा फार भावनिक, दुसरा फार उद्धट, तिसरा ठीक. विषय: रकान्यातील नोंदींबाबत विनंती. साहेब पारदर्शकतेच्या बैठकीत होते. तीन वाजता बाहेर आले. अर्ज न उघडताच सगळं समजलं त्यांना. हळूच म्हणाले, अहो, एवढंच ना? तुमच्या मामांचं नाव उचला आणि टाका यादीत, कोण बघतंय?
मला धक्का बसला. एकट्या मामाचं! बाकीच्यांचे मामा नाहीत का? मी ठामपणे नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना नाही म्हणाले!
आईला हे सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, म्हणजे नाव घालता येत होतं? मी म्हटलं, तसं येतं, पण अन्याय झाला असता. आई म्हणाली, मग सगळ्यांची घाल. मी म्हटलं, अगं, तसा आदेश नाही. ती म्हणाली, बाहेर काढताना कुणाचा आदेश होता?
मी म्हटलं, आई, तुला ऑफिसातलं कळत नाही. ती म्हणाली, नाही कळत बाई. मला फक्त माझ्या भावाचा श्वास मोजता येतो.
मशीनवर ८८.

२० ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १२.२०
केलं.
सकाळी साहेब यायच्या आधी ऑफिस गाठलं. एकेक नाव हलवायचं तर तीन तास लागतील, कोणीतरी बघेल, असं वाटत होतं. प्रत्यक्षात एक बटण होतं. 'सर्व निवडा.' दुसरं होतं, 'हलवा.' बोट दुखलंही नाही.
रकान्यातले ४१२, आजचे ५९. आकडा ४७१. मामाचा क्रमांक ९.०५ ला आला. ११ वाजता अँब्युलन्स. बाबा क्रमांकाचा कागद दोन्ही हातांत धरून तिच्या मागे पळाले, चपला घरातच.
आता मला काढून टाकतील. तयार आहे. बाणेदार उत्तरही तयार आहे.

२१ ऑक्टोबर, बुधवार
काढलं नाही. साहेबांनी पेढे वाटावेत असा चेहरा केला होता. मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की 'विशेष शोधमोहिमे'त एका दिवसात चारशेहून जास्त रुग्ण शोधून काढले, असं करणारं हे पहिलंच सरकार. बाजार बंद झाला. बाजार बंद करा म्हणणारे विरोधक म्हणाले, आकडा फुगवलाय, गरिबांच्या पोटावर पाय देताय, बाजार उघडा. मोर्चा निघाला. खूप गर्दी.
बाणेदार उत्तर द्यायला कोणी प्रश्नच विचारला नाही.
मामाला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, वेळेत आला, अगदी काठावर. दुपारी त्याने नर्सच्या फोनवरून बाबांना विचारलं, रविवारी मंत्र्याला काय म्हणालात ते परत म्हणा. बाबा म्हणाले, मी? छे, तापात काहीतरी ऐकलं असशील. आणि फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसले.
मला वाटतं, एकंदरीत मी परिस्थिती चांगली हाताळली. थोडा उशीर झाला असेल, पण सगळ्यांना समान न्याय मिळाला.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
नियम: यादीत नाव आलेल्या प्रत्येकाला फोन करून कळवायचं. ४१२ पैकी साठ फोन माझ्या वाट्याला आले. म्हणण्याचं वाक्य छापील आहे: आपला रुग्ण क्रमांक तयार आहे, गरज असल्यास आपल्यासाठी बेड उपलब्ध आहे.
सुरुवातीला छान चाललं होतं. एक गृहस्थ म्हणाले, अहो मी बरा होऊन आठवडा झाला, तुम्ही आज सांगताय मला काय झालं होतं ते! हसले. मीही हसले. एका बाईंनी विचारलं, क्रमांक परत करता येतो का. पंचवीस फोन असेच.
सव्विसावा फोन एका बाईंनी उचलला. मी वाक्य म्हटलं. त्या ऐकून घेत होत्या, म्हणून बेडपर्यंत पूर्ण म्हटलं. मग त्या म्हणाल्या की ते शुक्रवारी गेले. दोन दिवस क्रमांकासाठी फोन करत होतो, लागत नव्हता. आमचंच काहीतरी चुकलं असेल, फॉर्म घाईत भरला होता.
मला म्हणायचं होतं की तुमचं काही चुकलं नाही. तोंडातून आलं, बरं.
बाई म्हणाल्या, तरी तुम्ही आठवणीने फोन केलात, नाहीतर आजकाल कोण एवढं करतं? आभारी आहे हो.
मी म्हणाले, त्यात काय, आमचं कामच आहे ते.