दोन रविवारांच्या मधे

टिळकवाडी, बेळगाव
३ जून २०२४

चि. पारमिता हिस,
अण्णाचा जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला नेमकी मीटिंग लागते, म्हणून पत्र. ते मधेच कापता येत नाही. आईची लक्षणं ठीक नाहीत. परवा ती, निपाणीला विड्या वळायला जायचंय, म्हणून डबा मागत होती. ते काम सुटून कित्येक वर्षं झाली. तुझ्या नीलमवहिनीनं भरून दिला. फाटकापर्यंत गेली आणि पुढं कुठं ते आठवेना, तशीच उभी राहिली. तुला ओळखतेय तोवर येऊन जा. जमिनीखाली काय आहे हे सांगायचा तुला पगार मिळतो. वरचंही कधी बघ.

लोभ दुरून पोचतो, एकदा जवळून दे.
बुद्धप्रिय


दिब्रुगड
१४ जून २०२४

ती. अण्णांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तू उगाच घाबरतोस. दर रविवारी बोलते मी. आईचा आवाज खणखणीत असतो. सगळ्याला नीट उत्तर देते. दिवाळीला येतेच आहे.

इथं कामाचा डोंगर आहे. तेलविहिरीत तारेला उपकरण सोडतो. वर ओढताना ते खडकात आवाज सोडतं आणि तो किती वेळात पोचला ते दर अर्ध्या फुटाला टिपतं; भेग असेल तिथं वेळ जास्त लागतो. परवा एका नव्या पोरानं घाईनं ओढलं. नोंदी विरळ पडल्या, भेगा नेमक्या दोन नोंदींच्या मधे राहिल्या, आणि संगणकानं तिथं सरळ रेघ मारून खडक अखंड ठरवला. मी त्याला झापलं, पुन्हा सावकाश ओढायला लावलं.

वहिनीला नमस्कार, आणि रागावू नकोस.
तुझी पारू


टिळकवाडी, बेळगाव
२४ जून २०२४

चि. पारमिता हिस,
जय भीम, आशीर्वाद. वि. वि.

पोराला झापलंस ते योग्यच. मी वर्गात मुलांना तर्कशास्त्रातलं धुरावरून आगीचं अनुमान शिकवतो. तू रविवारी धूर दिसला नाही म्हणून आठवडाभर आग नाही असं ठरवलंस. तुझे प्रश्न ठरलेले: जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का. तिन्हींना व्हय म्हटलं की आई अखंड.

काल तुझा फोन ठेवल्यावर तिनं नीलमला विचारलं, कुनाची गं ही पोरगी, लई मायेनं इचारती. तुमचीच की आत्या, असं नीलम म्हणाली. तर हसली. म्हणाली, माझी पारू एवढीशी हाय, साळंला गेलीया.

दिवाळीचं तिकीट बदलू नकोस. आता घाई नाही.

आईच्या वाट्याचा लोभ यापुढं मीच कळवत जाईन.
बुद्धप्रिय