नऊशे जागा आणि एक खुर्ची

प्रिय रेजिना,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते नीट लिही. "ठीक आहे" असं मोघम उत्तर चालणार नाही. मी बत्तीस वर्षं भूमिती शिकवली आहे, मला सिद्धता लागते. माझी प्रकृती उत्तम आहे. रेमंड आणि सूनबाई ब्रुक मला काही कमी पडू देत नाहीत. खोली उबदार आहे, खिडकी मोठी आहे. आपल्या गल्लीतलं माझं घर विकायच्या कागदांवर महिनाअखेर सही करते, असं मी रेमंडला सांगून टाकलं आहे. तेव्हा खुर्चीचा प्रकार तुला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहिते.

रेमंडच्या घरामागे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे मॉल. खिडकीतून त्याची पाटी वाचता येते. पण कुंपणाला फाटक नाही, रस्त्याला फुटपाथ नाही, आणि या वसाहतीतले रस्ते कोणी झोपेत आखल्यासारखे वळत वळत जातात. समोर दिसणारा पाव आणायला गाडीने सव्वादोन मैल! (मोजले आहेत.) मॉलपुढे गाड्यांसाठी नऊशे बारा जागा आहेत. (त्याही मोजल्या. मला वेळ आहे.) त्यातल्या दोनशेच्या वर भरलेल्या मी अजून पाहिल्या नाहीत. मी मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, नाताळच्या आधीच्या शनिवारी जेवढी गर्दी होईल तेवढ्या जागा आखाव्या लागतात, तसा नियमच आहे. म्हणजे एकदा लग्नाला दीडशे माणसं जेवली म्हणून स्वयंपाकघरात कायमचं दीडशे माणसांचं टेबल ठेवायचं, आणि उरलेलं वर्षभर त्याला वळसा घालून चहाचं आधण ठेवायचं. ज्याने हे आखलं तो गाडीतून कधी उतरतच नसावा. आपल्याकडे पिट्सबर्गच्या त्या उतारावर चाळीस घरांत मिळून तीस गाड्यांची जागा होती, आणि त्यामुळेच कोण घरी आहे, कोण आजारी आहे आणि कोणाचा जावई रुसून निघून गेला आहे, हे आपल्याला न विचारता कळायचं. इथे शेजारी गॅरेजचं दार उघडून गाडीसकट आत जातात आणि दार खाली येतं. चार महिन्यांत मी त्यांचे पाय पाहिलेले नाहीत.

असो. मंगळवारी नऊ इंच बर्फ पडलं. मी मॉलला गेले, तर बर्फ ढकलणाऱ्या गाडीने मधलं सगळं मैदान साफ करून तो ढिगारा दारापुढच्या पहिल्या रांगेवर आणून टाकलेला. मैदानात जागा मोकळ्या होत्या, पण तिथून दारापर्यंत काचेसारखं बर्फ, आणि धरायला एक कठडा नाही. मग मी डिकीतून फावडं काढलं आणि दारापाशी एक जागा उपसली. पन्नास मिनिटं लागली. गाडी लावली, औषधं घेतली. नंतर पोस्टात जायचं होतं. (पोस्ट रस्त्यापलीकडेच आहे, म्हणजे अर्थातच गाडीने.) परत येऊन मासे घ्यायचे होते, म्हणून आपल्या गल्लीच्या रीतीप्रमाणे उपसलेली जागा राखायला मी डिकीतली स्वयंपाकघरातली खुर्ची काढून तिथे ठेवली. कोणीही हेच केलं असतं.

परत आले तर खुर्चीवर एक म्हातारा बसलेला आणि मागे दोघं नंबर लावून उभे! तो मला म्हणाला, "मॉलवाल्यांना पहिल्यांदाच अक्कल सुचली बघा, बाई. दारापर्यंत येईतो माझा जीव जातो." मी त्याला उठवणार, तेवढ्यात पिवळा दिवा लावलेल्या गाडीतून सिक्युरिटीवाला आला.

"आजी, ही खुर्ची तुमची का?"

"आजी तुझ्या घरी. खुर्ची माझी आणि जागाही माझी."

"अहो, सातशे जागा मोकळ्या आहेत. कुठलीही घ्या ना!"

"त्या मी उपसलेल्या नाहीत."

त्याने डोकं खाजवलं आणि खुर्ची उचलून गाडीत घातली. (म्हातारा त्याला काय बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण मला बरं वाटलं.) मग ऑफिस, मग रेमंडला फोन. रेमंड आला, सगळ्यांची माफी मागितली, खुर्ची सोडवली आणि गाडीत हळूच म्हणाला, "आई, इथे असं करत नाहीत गं." हे कोण म्हणतंय? आपली खुर्ची हलवली म्हणून दहाव्या वर्षी शेजारच्या लेओशी सबंध हिवाळा अबोला धरणारा!

मला त्याच्या वडिलांचं, कॅसिमिरचं, शेवटचं दुखणं आठवत होतं. मी अकरा दिवस हॉस्पिटलात होते आणि बर्फ थांबत नव्हतं. त्या अकराही दिवशी आपली जागा कोणीतरी उपसून ठेवली होती, आणि खुर्चीवरचं बर्फ झटकलेलं होतं. कोणी, ते मी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. बाराव्या दिवशी मी एकटी परत आले, खुर्ची उचलली, गाडी लावली आणि वर पाहिलं, तर गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे एकदमच सोडले गेले.

पण ते जुनं झालं. घर मोठं आहे, माझे पाय थकणार आहेत, रेमंडचं म्हणणं चुकीचं नाही. सही करणार. काही तक्रार नाही.

तुझी बहीण,
बर्नाडेट

ता. क. हे पत्र रेमंडच्या हाती लागू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. शनिवारी एक तरुण जोडपं घर बघायला येणार आहे. किल्ली तुझ्याकडेच आहे. दलाल त्यांना नवं छप्पर आणि खिडक्यांतून दिसणारी नदी दाखवील. तू त्यांना रस्त्यावर उभं कर आणि सांग की गॅरेज नाही, उतार बेकार आहे, बर्फ आपलं आपल्यालाच उपसावं लागतं आणि वर जागा राखायला खुर्ची ठेवावी लागते. गुडघा दाखवायचा असेल तर दाखव. यातलं सगळं खरं आहे, तेव्हा तुला फादरपुढे काही कबूल करावं लागणार नाही. ते पळाले तर मला नुसतं "हवा छान आहे" एवढं कळव. बॅग मी भरून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. आणि एवढं ऐकूनही दोघांपैकी कोणी विचारलं, "मग खुर्ची कसली ठेवतात?", तर त्यांना आत बसव, कॉफी दे आणि मला लगेच फोन कर. मी सही करीन.