परिषदेला बस भरून

३ फेब्रुवारी

आज क्लबच्या साप्ताहिक सभेत माझी परिषद-उपस्थिती प्रमुख म्हणून एकमताने निवड झाली. मार्चमधल्या विभागीय परिषदेला यायला सभासदांना तयार करण्याचं काम कोण घेईल, असं अध्यक्षांनी विचारलं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता म्हणून ती बदलायला मी उठलो. टाळ्या पडल्या.

उठलोच होतो, तर बोललो. म्हटलं, गेल्या वर्षी आपल्या क्लबातून एकटे अध्यक्ष गेले, ही शरमेची गोष्ट आहे. यंदा मी अख्खी बस भरून नेतो.

'अख्खी बस' हे शब्द तोंडात कुठून आले माहीत नाही. पण शोभले.

घरी सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्हाला बस लागते.

मोठ्या कामाकडे बघायची ही काय दृष्टी आहे? स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात बसून मी जगाची नजर सुधारतो, घरातली राहून गेली.

४ फेब्रुवारी, दुकानात

गिऱ्हाईक नाही. मोहिमेला वेळ मिळाला. क्लबच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर तयार केला. आधी लिहिलं, 'परिषद म्हणजे नुसती सहल नव्हे.' वाचून माझाच उत्साह गेला. मग लिहिलं, 'परिषद म्हणजे सहलच.' अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, थोडं गांभीर्य हवं. शेवटी टाकलं, 'परिषद म्हणजे एक गंभीर सहल.'

प्रतिसाद उत्तम. दातवाल्या डॉक्टरांनी अंगठा दाखवला. वकीलसाहेबांनी हात जोडले. फर्निचरवाल्याने गुलाबाचं फूल पाठवलं. ते रोज सकाळी सगळ्यांनाच पाठवतो, पण आजचं वेगळं वाटलं.

'नाही' असं कोणीच लिहिलेलं नाही. म्हणजे सगळे येणार. ट्रॅव्हल्सवाल्याला मोठी बस सांगून टाकली. पुढची जागा माझी. पुढे बसलं की लागत नाही.

९ फेब्रुवारी

प्रत्यक्ष भेटींना सुरुवात. पहिले दातवाले डॉक्टर. गर्दीमुळे बोलायला सवड नाही म्हणाले, म्हणून रीतसर नंबर लावून आत गेलो आणि खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे त्यांनी ती मागे पाडली. परिषदेचं महत्त्व सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात आरसा घातला.

पुढचा अर्धा तास ते बोलले. त्या शनिवार-रविवारी सुनेच्या माहेरची माणसं येणार आहेत, त्यांचे दात वाईट आहेत, सगळ्यांचं एकदमच बघून टाकायचं ठरलंय. मी हातवारे करून मुद्दे मांडले. दुखतंय असं समजून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

माझी एक दाढ किडलेली निघाली. भरून घेतली. डॉक्टरांचा होकार मिळाला नाही, पण संबंध घट्ट झाले. घरी आल्यावर ही म्हणाली, नीट बोला, काय कळत नाहीये.

१२ फेब्रुवारी

आज वकीलसाहेब. त्यांनी सरळ विचारलं, परिषदेत नेमकं असतं काय?

मी कधी गेलेलो नाही. बस लागते. पण प्रमुखाने असं म्हणून चालत नाही. म्हटलं, मार्गदर्शन असतं. कोणाचं, असं त्यांनी विचारलं. वकिलांना ही सवयच असते, एका उत्तरावर थांबत नाहीत. गडबडीत मी म्हणालो, माझं.

वकीलसाहेब खुर्चीत सरळ झाले. तुम्ही बोलणार असाल तर आलंच पाहिजे, म्हणाले.

हा मुद्दा चालतो हे लक्षात आल्यावर फर्निचरवाल्यालाही तेच सांगितलं. मेव्हण्यालाही. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझ्यामुळेच क्लबात आला. तो म्हणाला, भावोजी, पहिल्या रांगेत बसणार.

यात खोटं काही नाही. जे एक ना एक दिवस होणारच आहे, ते थोडं आधी सांगितलं.

१३ फेब्रुवारी

सकाळी अध्यक्षांचा फोन. आवाज भरून आलेला. म्हणाले, वकीलसाहेबांकडून कळलं की तुम्हाला परिषदेत बोलायची इच्छा आहे, आधी का नाही सांगितलं? त्यांनी लगेच विभागीय सचिवांना कळवलं. रविवारी जेवणानंतरची वेळ कोणी घेत नव्हतं. ती मला मिळाली. विषयही सचिवांनी दिला : 'सभासदांना परिषदेला कसं आणावं.'

मी म्हणालो, बघतो. अध्यक्ष म्हणाले, कार्यक्रमपत्रिका छापायला गेली.

हिला सांगितलं. ती हसली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, आत्तापर्यंत किती जण आणलेत?

मी म्हणालो, विषयाचा अभ्यास चालू आहे.

२० फेब्रुवारी

किरकोळ गळती.

वकीलसाहेबांना त्या रविवारी कोर्टाची तारीख आहे. रविवारी कोर्ट बंद असतं हे मला रस्त्यात आठवलं. परत जाऊन विचारणं बरं दिसलं नसतं.

फर्निचरवाल्याने एका मोठ्या कपाटाला पॉलिश लावायला घेतलंय. ते वाळेपर्यंत त्याला जवळ थांबावं लागतं. दोन दिवस? हो, म्हणाला, हे लाकूड तसं आहे.

मेव्हण्याचं कारण सर्वांत हृदयस्पर्शी. भावोजी, तुम्ही परगावी असताना ताईला घरी एकटं कसं ठेवू, म्हणाला. ताई तिथेच उभी होती. म्हणाली, मला एकटं राहायला आवडेल. हे त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं.

मोठी बस रद्द करून मिनीबस सांगितली. छोट्या गटात चर्चा चांगली होते.

२४ फेब्रुवारी, दुकानात

आज मास्तर आले. मास्तर म्हणजे क्लबचे सर्वांत जुने सभासद. शाळेत त्यांनी मला भूमिती शिकवली, म्हणजे त्यांनी शिकवली. काठी टेकत आत येऊन त्यांनी ढिल्या स्क्रूचा चष्मा पुढे केला आणि विचारलं, कधी निघायचंय?

मी त्यांना विचारलेलंच नव्हतं. ते ग्रुपवर नाहीत. शिवाय त्यांचं वय, काठी, आणि एकदा बोलायला लागले की प्रमेय सिद्ध झाल्याशिवाय थांबत नाहीत. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की मी सगळ्यांना नेतोय. त्यांनी 'सगळ्यांना' हा शब्द शब्दशः घेतला.

मी म्हटलं, प्रवास लांबचा आहे मास्तर. म्हणाले, बसून करायचा असतो. म्हटलं, जिने असतील. म्हणाले, लिफ्ट असेल. म्हटलं, दोन दिवस भाषणं ऐकावी लागतील. म्हणाले, मी चाळीस वर्षं मुलांना ऐकवलं, आता फेड करतो.

नवी बॅग घेऊन झाली होती. ती दाखवायला बरोबर आणली होती. निळी, चाकांची. दुकानात एकदा इकडून तिकडे ओढून दाखवली.

मी स्क्रू घट्ट करून दिला.

नोंद : माझ्या मोहिमेचा प्रभाव इतका आहे की न सांगताही माणसं येतात.

१ मार्च

सुटकेचा प्रयत्न केला. कबुली नाही, नुसती नोंद.

सकाळी अध्यक्षांकडे गेलो. घशाला त्रास आहे असं सांगणार होतो. यंदा तुम्ही आहात म्हणून मी येत नाही, असं म्हणत त्यांनी कार्यक्रमपत्रिका हातात ठेवली. माझं नाव, खाली 'अनुभवी संघटक'. शेजारी माझा फोटो, लग्नातला, कापलेला. कोपऱ्यात हिचा खांदा दिसतो. घसा खरंच बसला, पण आता सांगून उपयोग नव्हता.

संध्याकाळी हिला म्हटलं, नाही म्हणून सांगावं का. ती म्हणाली, सांगा की, अध्यक्षांना मी फोन लावून देते. मी म्हणालो, अध्यक्षांचं काही नाही. मग कोणाचं? मी निळ्या बॅगेचं सांगितलं. तिने उठून माझा स्वेटर काढून ठेवला.

मिनीबस रद्द. भाड्याची गाडी बघितली, पण दोघांसाठी ड्रायव्हर तयार होईना. साध्या बसने जायचं. बस भरलेली असेल एवढं नक्की.

७ मार्च, मुक्कामी

पोचलो.

पुढची जागा मिळाली नाही. खिडकी मास्तरांना दिली, मग मास्तरांनी मला दिली, मग ती मला सोडताच आली नाही. पहिला घाट लागेपर्यंत मी भाषणाची उजळणी करत होतो. त्यानंतरचं लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी एका हाताने माझं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने पिशवी. लाज वाटून घेऊ नकोस, म्हणाले, सहावीत तू मैदानावर चक्कर येऊन पडला होतास, तेव्हाही मीच उचलला होता.

हे सगळी बस ऐकत होती.

खोली एकच. मास्तर घोरत नाहीत. झोपेत शिकवतात.

८ मार्च

दुपारचं जेवण तळमजल्यावर, सभागृह सगळ्यात वरच्या मजल्यावर. जेवून मास्तरांना घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. बटणं दाबली. घंटा वाजवली. बाहेरून कोणीतरी म्हणालं, आलो. मग बराच वेळ कोणी आलं नाही.

वर माझ्या नावाचा पुकारा होत असणार. मी दारावर हात आपटले. मास्तर शांतपणे जमिनीवर टेकले, पाय लांब केले आणि म्हणाले, वाच की भाषण. वेळ जाईल.

काय करणार, वाचलं. पहिलंच वाक्य होतं, 'सभासद परिषदेला का येत नाहीत?' मास्तर म्हणाले, का येत नाहीत? मी म्हटलं, पुढे आहे, उदासीनता वगैरे. ते म्हणाले, ते राहू दे. तू का आलास?

म्हटलं, जबाबदारी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. शाळेत असं बघितलं की आम्ही उत्तर खोडायचो. म्हटलं, त्या दिवशी खुर्ची बदलायला उठलो म्हणून.

बरोबर, म्हणाले. आता मी का आलो ते विचार.

विचारलं.

म्हणाले, घरी सगळे चांगले आहेत, तक्रार नाही. सून चहा वेळेवर देते, नातवंडं पाया पडतात. पण दिवसभर सगळे मला एकच सांगतात, बसा. इथे बसा, तिथे बसा, उन्हात बसा, आता आत येऊन बसा. किती वर्षांत मला कोणी 'चला' म्हणालं नव्हतं. तू म्हणालास.

मी म्हणालो नव्हतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण लिफ्टमध्ये हवा कोंदट असते, डोळ्यांतून पाणी येतं. कोणालाही येईल.

मी पुढचं पान वाचायला घेतलं. त्यांनी दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं.

संध्याकाळ

लिफ्ट सुरू झाली तेव्हा खाली चहा चालू होता. माफी मागायला सचिवांना गाठलं. त्यांनीच माझा हात धरला. म्हणाले, तुमचं भाषण फार प्रेरणादायी झालं, विशेषतः शेवट.

मी धन्यवाद म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नंतर सभागृहाच्या पहारेकऱ्याने सांगितलं की जेवणानंतर वर कोणी फिरकलंच नाही. सचिवसुद्धा नाहीत. तरीही शेवट त्यांना आवडला, हे महत्त्वाचं.

१० मार्च

मंगळवारची साप्ताहिक सभा. अध्यक्षांनी सचिवांचं कौतुक जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी ते भाषण आज इथेच ऐकू या. सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. चोख तयारी झालेली होती. उभा राहिलो.

पहिल्या परिच्छेदाला दातवाल्यांच्या पेशंटची दाढ ठणकायला लागली. वकीलसाहेबांना पक्षकार भेटायला येणार होता. फर्निचरवाला नुसता गेला. मेव्हणा बिस्किटं संपेपर्यंत थांबला. अध्यक्ष दारात उभे राहून हॉलवाल्याशी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत राहिले, आणि तसेच बोलत जिना उतरून गेले.

मास्तर मात्र पहिल्या रांगेत बसून होते. एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकायला थांबणारा श्रोता फार कमी वक्त्यांना मिळतो. मी आवाज चढवला.

दुसऱ्या पानावर मास्तर म्हणाले, आटपतोस का, मला घरी सोडायचंय ना. परिषदेपासून त्यांना घरी मी सोडायचं असं ठरलं आहे. कोणी ठरवलं, माहीत नाही. म्हटलं, शेवट राहिलाय. म्हणाले, तो स्कूटरवर सांग.

दिवे बंद केले, पंखे बंद केले. त्यांना मागे बसवलं. हल्ली त्यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्या बाजूने वारा होता. त्यांच्या दारापर्यंत सगळा शेवट सांगितला.

उतरल्यावर विचारलं, कसा वाटला.

म्हणाले, पुढच्या मंगळवारी जरा लवकर ये.