आईच्या नमुन्यातील पेशींना दूषित न म्हणण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
ऊतक संग्रह व संशोधन विभाग,
शासकीय रुग्णालय.

विषय : माझ्या दिवंगत आईच्या मूलपेशींचा नमुना नष्ट करू नये, याबाबत.
संदर्भ : नमुना नष्ट करण्यासंबंधी आईच्या नावे आलेले आपले पत्र.

महोदय,

माझी आई ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करीत असे. गेल्या वर्षी तिचे मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या विभागाने तिच्या संमतीने अस्थिमज्जेचा नमुना घेतला. वय झाल्यावर स्त्रीचे शरीर आणि पुरुषाचे शरीर स्वतःची डागडुजी सारख्याच रीतीने करते का, हा अभ्यासाचा विषय होता. ज्यांच्यापासून शरीर नवे हाड, नवे रक्त घडवते त्या मूलपेशी, असे आपल्या तंत्रज्ञबाईंनी तिला समजावले. आई म्हणाली, "त्यात अभ्यास कसला? पुरुषाचं फाटलं की नवं आणतात, बाईचं फाटलं की शिवून घेतात." तंत्रज्ञबाई हसल्या आणि आईने सही केली. हाड मात्र सांधले नाही. तिने अंथरूण धरले ते सोडलेच नाही. गेल्या महिन्यात ती वारली.

त्यानंतर आपले पत्र आले. स्त्री गटातील या नमुन्यात पुरुषाचे गुणसूत्र असलेल्या काही पेशी आढळल्या, सबब तो दूषित आहे व नष्ट करण्यात येईल. हरकत असल्यास नमुना देणाऱ्या व्यक्तीने समक्ष हजर राहावे, असे त्यात म्हटले आहे. आई हजर राहू शकत नसल्याने मी आले.

खिडकीवरच्या लिपिकांनी कागद वाचला आणि मुलाचा जन्मदाखला मागितला. मूल नाही, आईचा नमुना आहे, असे मी सांगितले. त्यांनी 'मूलपेशी' या शब्दाखाली बोट ठेवले. "बाई, इथं मूल लिहिलंय. मूल कुठंय?" रांगेतले लोक हसले. येथे मूल म्हणजे मुळाशी असलेले, हा संस्कृत शब्द आहे, असे मी त्यांना समजावले. त्यांनी मान डोलावली आणि दाखला नाही म्हणून माझा कागद परत केला.

पुढे कळले की, नमुन्यात परपुरुषाच्या पेशी मिसळल्याचा ठपका ठेवून तंत्रज्ञबाईंना नोटीस दिली आहे. नमुने तपासतात त्या खोलीत काम करणाऱ्या सगळ्या स्त्रियाच आहेत, हे आपणांस ठाऊक असेलच. बाईंनी मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारले, आईला कधी मुलगा झाला होता का? गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि कधीकधी आयुष्यभर तिच्या शरीरात राहतात, असे त्यांनी सांगितले. हे तसेच असेल याची खात्री त्यांनी दिली नाही.

मुलगा झाला होता. माझ्या आधीचा. दिवस भरत आले असताना तो पोटातच गेला. तो रडला नाही म्हणून त्याची कुठेच नोंद नाही. मुले किती, असे कोणी विचारले की आई दोन म्हणायची. शेजारी बसलेली मावशी तिला सावरून घेतल्यासारखे एक म्हणायची. एकदाच आई तिला म्हणाली, "मला मोजता येतं."

हे मी आपल्या कार्यालयास लेखी कळवले. उत्तर आले की भावाचा दाखला जोडावा. जन्माच्या कार्यालयात गेले तर तो जिवंत जन्मला नाही म्हणून दाखला नाही. मृत्यूच्या कार्यालयात गेले तर तो जन्मलाच नाही म्हणून दाखला नाही. आता आपले म्हणणे असे की, दाखल्याअभावी त्या पेशी अनोळखी पुरुषाच्या ठरतात, त्या पुरुषाची संमती घेतलेली नाही आणि तो अज्ञान असल्यास पालकाची सही लागेल. वडील पूर्वीच वारले, त्यामुळे त्याची पालक आई होती. तिच्यामागे त्याचे जवळचे असे माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून हा अर्ज मी मुलगी म्हणून केला आहे, तसाच बहीण म्हणूनही केला आहे.

माझी विनंती एवढीच की, नष्ट करण्यापूर्वी त्या पेशी नमुन्यातील आईच्या स्वतःच्या पेशींशी व माझ्या रक्ताशी ताडून पाहाव्यात. माझे रक्त केव्हाही घ्यावे. तंत्रज्ञबाईंवरील नोटीस मागे घ्यावी. 'दूषित' हा शब्द खोडावा. जो तिच्यात वाढला आणि तिच्यातच म्हातारा झाला, तो तिच्यात मिसळलेली घाण नव्हे. अभ्यासातून नमुना वगळावा लागला तरी माझी तक्रार नाही. आणि नष्ट करणे अटळच असेल, तर दोघांना वेगळे न करता करावे आणि मला आधी कळवावे. मी दाराबाहेर उभी राहीन.

आणखी एक. आपल्या लिपिकांना त्या दिवशी मी चुकीचे उत्तर दिले. मूल कुठे आहे, असे त्यांनी विचारले होते. मूल आईजवळ आहे, असे त्यांना कृपया कळवावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार : नमुना देणारीची मुलगी व वर उल्लेखिलेल्याची धाकटी बहीण
दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत :
१. आईच्या मृत्यूचा दाखला
२. आपल्या पत्रांच्या प्रती
३. भावाचा दाखला : जोडलेला नाही