खालांचं फास्टिंग

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार (कागदावरच गोड मानून घे, हल्ली वाकलं की कुशीत कळ येते). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक, फक्त सकाळपासून जीव घाबरा आहे, म्हणून अक्षर असं. कागद पाठकोरा आहे त्यावर बोलू नकोस. भीती काय, पाठकोऱ्यावरही मावते.

तर आमच्या शेजारच्या खाला (त्यांच्या घरात उर्दू, माझ्या घरात मराठी, मधली भिंत एकच), त्यांचं आज पित्ताशयातल्या खड्याचं ऑपरेशन होतं. काल दवाखान्याची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. या जिन्यात मॅट्रिक झालेली मी एकटी, त्यामुळे सगळ्यांचं इंग्रजी माझ्याच दारात येऊन पडतं. चिठ्ठीत एका शब्दाखाली लाल रेघ होती: फास्टिंग. आता ताई, हा शब्द मला अडेल का? निम्मं आयुष्य उपासात गेलंय. मी सांगितलं, फास्टिंग म्हणजे उपास. अन्न वर्ज्य, दूध-केळी हवी तेवढी. खाला म्हणाल्या, "म्हणजे रोजाच ना? मग दूध-केळी कसली? पहाटे पोटभर जेवायचं, नंतर पाण्याचा थेंब नाही." मी म्हटलं, पाण्यावाचून पित्त खवळेल. त्या म्हणाल्या, "दिवसभर चरायचं आणि त्याला उपास म्हणायचं होय!" (लागलं मला, पण आजारी माणूस म्हणून गिळलं.) शेवटी समेट झाला. देव कुणाचाच रागवायला नको म्हणून पहाटे त्यांनी पोटभर जेवायचं आणि निघताना माझं पेलाभर दूध. दूध मी स्वतः नेऊन दिलं, साय काढून (साय कशाला वाया घालवा?).

त्या गेल्यावर हा शहाणपणा मी मोठ्या कौतुकाने यांना सांगितला. हे दाढी करत होते. वस्तरा गालावरच थांबला. "अगं, भूल देतात तेव्हा पोट पार रिकामं लागतं! खाल्लेलं वर येऊन श्वासात अडकलं तर माणूस जातो!"

ताई, पुढचं मला नीट आठवत नाही. एक चप्पल माझी, एक यांची, तोंडात नामस्मरण, आणि डोळ्यांसमोर तो दुधाचा पेला. दवाखान्याचा जिना चढताना कळ अशी आली की कठडा धरून बसले, तशीच उठले. वर पोचले तर खाला हिरव्या झग्यात, चाकांच्या खाटेवर, ऑपरेशनच्या दारातून निम्म्या आत. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काही खाल्लंय का? आणि खाला ताठ मानेने सांगत होत्या, "फास्टिंग आहे माझं." मी किंचाळलेच, "दूध पाजलंय मी त्यांना!" सगळा दवाखाना माझ्याकडे असा बघायला लागला, जणू दुधात काही कालवलं होतं.

ऑपरेशन सोमवारवर ढकललं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना भिंतीशी उभं करून शब्द शिकवला: रात्रीपासून काहीच नाही, जेवण नाही, दूध नाही, केळं नाही. खालांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे हा तिसऱ्याच धर्माचा उपास निघाला." घरी येताना एवढंच म्हणाल्या की दूध पातळ होतं.

तुझी धाकटी

ता. क. : माझा मूर्खपणा वहिनीला सांगू नकोस.

ता. क. २ : भिंतीशी उभी असताना मी कूस दाबून धरली होती, ते डॉक्टरीणबाईंनी पाहिलं होतं. जाता जाता त्यांनी माझंही पोट दाबून पाहिलं, मग तपासणी झाली. मलाही खडाच आहे. सोमवारी ऑपरेशन, खालांच्या शेजारची खाट. फास्टिंगचं भय नाही, ते आता पाठ आहे. पण भूल दिल्यावर माणूस कुठे जातो, ते मॅट्रिकला नव्हतं. ताई, तू ये. खायला काही आणू नकोस. नुसती ये.