सहावा नॉर्वेकर

॥ श्री ॥

रोटोटुना, हॅमिल्टन
रविवार, ६ जुलै २०२५

चि. सौ. सिद्धी हिस विश्वनाथकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं जाडजूड पाकीट गुरुवारी हाती आलं. मी तुझ्याकडे सहा नॉर्वेकर धाडले होते, त्यातले पाच टाइप होऊन, कपडे इस्त्री करून यावेत तसे परत आले. तुझ्यासारखी पुतणी ऑकलंडात नसती तर माझी ही हस्ताक्षरातली मंडळी हस्ताक्षरातच मेली असती. विश्वकोशातून निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली, तरी संपादकांनी ‘नॉर्वेतील उल्लेखनीय व्यक्ती’ माझ्याच गळ्यात मारल्या. न्यूझीलंडला राहतो म्हणजे ह्याला थंडी कळत असणार, असा त्यांचा तर्क असावा.

दोन दुरुस्त्या सांगतो. गणिती आबेल सव्विसाव्या वर्षी क्षयानं गेला. बर्लिनला त्याच्या नोकरीची सोय झाल्याचं पत्र लिहिलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी. तू २६ चे ६२ केलेस. त्या बिचाऱ्याला छत्तीस वर्षं जास्त जगवलंस, मला बरं वाटलं, पण कोशाला चालायचं नाही. दुसरं म्हणजे आन्ना रोगस्टाड ही शिक्षिका नॉर्वेच्या संसदेत बसलेली पहिली बाई, साल १९११. तिथं सगळ्या बायकांना मत मिळालं १९१३ ला, आणि इथं न्यूझीलंडात १८९३ लाच, हे मी मृणालिनीला सांगितलं, तर सूनबाईंनी अशी मान उंचावली की जणू तिनंच मोर्चा काढला होता. रमण म्हणाला की बाबा, आता हिला आवरा.

सहावा कुठे आहे? डॉ. हॅन्सन, बर्गेनचा, कुष्ठरोगाचा जंतू शोधणारा. सर्वांत जास्त दिवस मी त्याच एका पानावर घातले आहेत. अक्षर लागलं नाही की कागद पाकिटातच राहिला? तुझ्याकडून आकडे चुकत नाहीत आणि कागद हरवत नाहीत, म्हणून विचारतो. गेल्या महिन्यात येणार होतीस, तीही आली नाहीस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रानंच कळव. जुईला गोड पापा, आणि तिनं इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालेल.

अभिषेकरावांना नमस्कार. लोभ आहेच, त्याला खत घालत राहा.

तुझा
काका

---

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
शनिवार, १२ जुलै २०२५

ती. काकांस सिद्धीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

कागद हरवलेला नाही. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. हे पत्र मी बॉटनीच्या मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहिते आहे, कारण घरात मला एकटीला जागाच नाही, आणि फोनवर बोलायचं तर आमच्याकडे सगळे फोन स्पीकरवरच चालतात.

एप्रिलमध्ये कुकरच्या कडेला माझा डावा हात टेकला. फोड आला तो मला संध्याकाळी दिसला. भाजल्याचं कळलंच नव्हतं. त्याच जागी एक फिकट चट्टा वर्षभर होता, मी त्याला कोरडी त्वचा समजून क्रीम चोपडत होते. सॉफ्टवेअर तपासून चुका शोधणं हा माझा धंदा, आणि स्वतःचा हात काही मी तपासला नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी स्पेशालिस्टकडे पाठवलं, त्यांनी कातडीचा तुकडा काढून तपासला, आणि तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. काका, तुमच्या सहाव्या नॉर्वेकरानं ज्याचा जंतू शोधला, तोच आजार मला आहे.

डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या. सहा महिने गोळ्या, पूर्ण बरा होतो, हात वाकडा होणार नाही, सगळं नीट समजावलं. पहिला डोस त्यांच्यासमोर घेतला. पण घरातल्या सर्वांना तपासणीसाठी आणा, असं त्यांनी सांगितलंय. नर्सचा दोनदा फोन आला. मी दोन्ही वेळा सांगितलं की नवरा परगावी गेलाय. तो कुठेही गेलेला नाही. मी त्याला सांगितलेलंच नाही.

मला स्वतःची भीती वाटत नाही. जुईची वाटते. हे रक्तात असतं, असंच ऐकत आपण वाढलो ना? अभिषेकच्या आईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की त्याच्या धाकट्या भावाला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी नाकारलं, कारण त्या घरात कुणाला तरी ‘तसलं’ होतं. ते वाक्य तेव्हापासून माझ्या कानात बसलंय. जुईला आंघोळ घालताना मी तिच्या पाठीवर बोट टेकवते आणि कळतंय का विचारते. तिला वाटतं खेळ आहे. ती खिदळते आणि इंग्रजीत सांगते की आई, गुदगुल्या पुरे. आणि एखाद्या दिवशी ती हसली नाही तर मी काय करू?

तुमची नोंद चार वेळा वाचली. हॅन्सननं एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला अंश लावलेली सुई टोचली, १८८० साली त्याच्यावर खटला चालला आणि रुग्णालयातली त्याची जागा गेली, असं तुम्ही लिहिलंय. त्या बाईला नाव नव्हतं का? मला आता त्या पानावर तीच जवळची वाटते. रागावू नका. रडू आलं की मी अशीच भांडते.

रमणदादाला यातलं काही सांगू नका. तुमचा लोभ आत्ता मला नेहमीपेक्षा थोडा जास्त लागेल.

तुमची
सिद्धी

---

रोटोटुना
गुरुवार, १७ जुलै २०२५

चि. सिद्धी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज अकरा वाजता आलं आणि मी चहा तसाच टाकून लिहायला बसलो.

आधी तुझं भांडण मिटवतो. तिचं नाव कारी निल्सदातर, वय तेहतीस. पहिल्या खर्ड्यात ते होतं. दीडशे शब्दांत माणूस बसवायचा म्हणून मी ते काढलं आणि त्याच्या पदव्या ठेवल्या. हे उत्तर लिहितानाच मला लाज वाटते आहे. तू ते नाव घाल, पदव्या उडव.

आता रक्ताबद्दल. हे असं रक्तातून येतं हे ठामपणे सांगणारा जगातला सर्वांत मोठा माणूस होता डॅनियलसन, तू टाइप केलेल्या पाचांपैकी एक. त्यानं रोग्याच्या शरीरातला अंश स्वतःला टोचून घेतला, काही झालं नाही, तेव्हा त्याची खात्री अधिकच पक्की झाली. हॅन्सन त्याचा जावई. ज्या वर्षी लग्न झालं त्याच वर्षी जावयानं सूक्ष्मदर्शकात जंतू पाहिला आणि सासऱ्याचा सिद्धान्त निकालात निघाला. तरी लोकांना पटेना. मग हा माणूस अमेरिकेत गेला. नॉर्वेतून हा आजार घेऊन दीडशेच्या वर माणसं तिकडे जाऊन वसली होती. हॅन्सन त्यांच्या वस्त्यांवर हिंडला, त्यांची मुलं पाहिली, नातवंडं पाहिली. परमुलखात जन्मलेल्या त्या पोरांत त्याला एकालाही हा आजार सापडला नाही. सिद्धी, एकालाही नाही. आणि तेव्हा तर औषधही नव्हतं.

हे मी नोंदीसाठी शोधलेलं नाही. नॉर्वे माझ्या गळ्यात मारला ही थाप होती, मी तो मागून घेतला. हॅन्सनची ही अमेरिकावारी मी १९९० साली वाईला कोशाच्या ग्रंथालयात उभ्यानं वाचली आणि तिथंच खाली बसलो. कारण त्या वेळी मी स्वतः त्याच आजाराच्या गोळ्या घेत होतो.

तुझ्या मंदाकाकूखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ती जाऊन आता सहा वर्षं झाली. ८९ साली पाठीवर आणि दंडावर चट्टे आले. दोन वर्षांचं औषध होतं. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मंदा दर महिन्याला साताऱ्याला जाऊन ते आणायची. गोळ्यांनी मी काळवंडलो, तर लोकांना सांगितलं की गच्चीत बसून वाचतो. रमण अकरा वर्षांचा होता. त्याच्या पाठीवर मीही बोट टेकवून पाहायचो. मीही त्याला खेळ म्हणायचो.

तू मेच्या सुट्टीत यायचीस तेव्हा माझं औषध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. हे सगळं मला कळतं. तरी सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसतंय, तू माझ्या हातून आंब्याच्या फोडी खात होतीस. डॉक्टरांनी विचारलं की घरात कुणाला होता का, तर माझं नाव खुशाल सांग. लपवू नकोस.

आणि नर्सला फोन कर. अभिषेकला सांग. कसं सांगू असं वाटलं तर हे पत्र त्याच्या हातात दे. गुपित राखण्यात मी मोठा वाकबगार आहे, छत्तीस वर्षं राखलंय. त्यानं काय मिळालं असं विचारशील, तर दोन वर्षांत एकदाही मुलाला धड जवळ घेतलं नाही, एवढंच. तू जुईच्या बाबतीत असं करू नकोस.

डोळे टपालपेटीकडे लावून बसलो आहे. लोभ आहे म्हणूनच दटावतो आहे.

तुझा
काका

---

बॉटनी डाउन्स
सोमवार, २८ जुलै २०२५

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

आधी निकाल, मग बाकीचं. जुईच्या अंगावर काहीही नाही. अभिषेकच्याही नाही.

आता सविस्तर. जुईचा पोहण्याचा क्लास असतो तेव्हा आम्ही दोघं बाहेर गाडीत बसतो. तिथं मी अभिषेकच्या हातात तुमचं पत्र दिलं. त्याला तुमचं अक्षर लागायला वेळ लागतो, त्यामुळे ती वीस मिनिटं मला वीस वर्षांची वाटली. वाचून झाल्यावर त्यानं पत्राची नीट घडी घातली. मग त्यानं विचारलं की हाताच्या कातडीचा तुकडा काढला त्या दिवशी हॉस्पिटलात तू एकटी गेली होतीस का. मी हो म्हटलं. त्यावर तो असा रागावला की लग्नाच्या नऊ वर्षांत मी त्याला तसं कधी पाहिलेलं नाही. फक्त तेवढ्याचसाठी रागावला. मी ऐकून घेतलं आणि रडले. जुई ओले केस घेऊन आली आणि आम्हाला म्हणाली की यू गाइज आर वीअर्ड.

क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा घेऊन तिला डोळे मिटायला सांगितलं आणि बोळा जिथं लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. हात, पाय, पाठ, गाल. काका, माझ्या पोरीनं प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं. एकदा तर बोळा लागायच्या आधीच ठेवलं आणि चोरून पाहते म्हणून पकडली गेली. दोघांना खबरदारी म्हणून औषधाचा एकेक डोस दिला. घरी येताना आम्ही डेअरीवर थांबून तीन आइस्क्रीम घेतली, भर जुलैच्या थंडीत, आणि कुडकुडत खाल्ली.

तुमचं नाव मी सांगितलं. बाई म्हणाल्या की कुठून आलं हे कोणालाच सांगता यायचं नाही, आणि ज्याला औषध पुरं करून पाच वर्षं झाली त्याच्यापासून तर मुळीच नाही. शंभरातल्या पंचाण्णव जणांना हा जंतू शिवला तरी काही होत नाही. तेव्हा आंब्याच्या फोडी मनातून काढून टाका. मला त्या फार गोड आठवतात, त्या मी कोणाला बिघडवू देणार नाही. सासूबाईंना अभिषेक स्वतः सांगणार आहे. त्या काय म्हणतील ते म्हणोत.

हॅन्सनचं पान सोबत आहे. कारी निल्सदातरचं नाव, वय घातलंय. एकशे त्रेपन्न शब्द झालेत. तीन शब्दांसाठी संपादकांशी तुम्ही भांडा.

आणि मला दटावता ते ठीक आहे, पण रमणदादाला तुम्ही कधी सांगणार? आता तुमची पाळी आहे. तुमचा लोभ मला पोचला, पावती म्हणून हे पत्र.

तुमची
सिद्धी

---

रोटोटुना
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धी, तुला, अभिषेकला आणि पोहणाऱ्या बाईसाहेबांना पोटभर आशीर्वाद.

तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली आणि मी देवापुढे जाऊन उभा राहिलो. नुसते हात जोडले. मृणालिनीनं विचारलं की बाबा, दिवा लावायचाय का. मी म्हटलं की लाव, चांगला मोठा लाव.

संपादकांना लिहिलंय की तीन शब्द वाढले आहेत, ते कापायचे असतील तर माझं नाव कापा. पाहू काय होतं ते.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी रमणला बसवून सगळं सांगितलं. चट्टे, सातारा, गोळ्या. त्याची माफीही मागितली, की त्या दोन वर्षांत तुला मी जवळ केलं नाही. तो टेबलावरची मिठाची डबी इकडून तिकडे सरकवत ऐकत होता. मग म्हणाला की बाबा, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

सिद्धी, मी हललोच. त्याला रांगोळीच्या डब्यात गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. शाळेत त्या आजाराचं भित्तिपत्रक लागलं होतं, त्यावर तसंच पाकीट होतं. त्यानं मंदाला विचारलं. मंदानं खरं ते सांगितलं आणि वर शपथ घातली, की तुला कळलंय हे बाबांना कधी कळू द्यायचं नाही. त्यांना वाटतं तू त्यांच्यापासून लांब पळशील. तू पळू नकोस, एवढंच कर.

माझ्या बाजूनं काय आठवतं ते सांगतो. तेव्हा मी माझं ताट वेगळं मांडायचो आणि हा कार्टा रोज स्वतःचं ताट सोडून माझ्यात हात घालायचा. मी ओरडायचो, हाकलायचो, एकदा पाठीत धपाटाही घातला. मी समजायचो पोरगं लाडावलंय. अकरा वर्षांचं पोर दोन वर्षं रोज माझ्या ताटात जेवत होतं, सगळं माहीत असून. आणि मंदा समोर बसून दोघांना वाढत होती, त्याला सगळं ठाऊक आहे हे मला कळू न देता. ती असती तर काल तिच्याशी कडकडून भांडलो असतो आणि मग तिच्या पाया पडलो असतो.

रमण आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल पडायला लागलंय. आज मृणालिनीनं बटाट्याची भजी केली होती. त्यानं स्वतःच्या ताटात चार असताना माझ्यातलं एक उचललं. मी त्याच्या ताटात आणखी दोन टाकली आणि आम्ही दोघंही जेवलो.

गोळ्या एकही दिवस चुकवू नकोस. लोभ काय, तो तुला मागावा लागत नाही.

तुझा
काका